लिंक सर्वांकडे, लेखणी एकाकडे

आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघतो. हे गाव आता जळगाव महापालिकेच्या हद्दीत आहे. एरवी शहर कोठे संपते आणि पिंप्राळा कोठे सुरू होते हे सांगता येत नाही, पण रथाच्या दिवशी ते पुन्हा गाव होते. आमच्या मामेबहिणीचे घर तेथे आहे. एका आषाढीला आम्ही तिच्याकडे मुक्कामाला होतो. तिची मुलगी बी.एड. करते. संध्याकाळी तिने एक जाडजूड फाईल आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “मामा, तुम्ही लोक संशोधनात ही साधने रोज वापरता ना? मग हे बघा आणि खरे सांगा, मला यातले काही येते का?”

फाईलचा विषय होता ‘ऑनलाइन सहयोगी साधने’. गुण पूर्ण मिळाले होते. तरीही तिने असा प्रश्न विचारावा, याचे आम्हाला नवल वाटले. फाईल वाचल्यावर नवल वाटेनासे झाले. हा लेख त्या फाईलविषयी आहे. तो त्या मुलीविषयी नाही, तिच्या महाविद्यालयाविषयीही नाही. अशाच फाईली आम्ही इतरही ठिकाणी पाहिल्या आहेत, आणि आपणांपैकी अनेकांनी त्या लिहिल्या किंवा तपासल्या असतील.

फाईलमध्ये काय होते

सुरुवातीला सहयोगी साधनाची व्याख्या होती. मग वैशिष्ट्ये, फायदे, मर्यादा. त्यानंतर गूगल डॉक, गूगल शीट, व्हॉट्सॲप गट, व्हिडिओ बैठक अशी एकेका साधनाची ओळख, आणि प्रत्येकापुढे मोबाईलच्या पडद्याची रंगीत छापील चित्रे. कोठे बोट ठेवायचे ते बाणाने दाखवलेले. शेवटी गटकार्य म्हणून सहावीच्या वर्गासाठी ‘प्रकाश आणि छाया’ या विषयाचे पाठ टाचण, आणि त्याखाली आठ छात्राध्यापकांची नावे.

“हे टाचण आठ जणांनी मिळून लिहिले?” आम्ही विचारले.

ती हसली. “लिहायला बसलो होतो मामा. एका रात्री आठही जण एकाच डॉकमध्ये होतो. कोणाचे तरी बोट लागले आणि सगळे पान कोरे झाले. मग गटावर भांडण. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, एकानेच टाइप करा, बाकीच्यांनी नावे घाला. मी टाइप केले.”

या सहा वाक्यांत सहयोगी साधनांच्या शिक्षणाची सारी अवस्था आली आहे. लिंक आठ जणांकडे होती, लेखणी एकीकडे. आणि जी रात्र शिकण्याची होती, तिच्यावर पडदा टाकून तिच्या जागी रंगीत चित्रे आली.

अभ्यासक्रमाचा हेतू असा नव्हता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने (एनसीटीई) २०१४ साली नवे नियम केले आणि २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. त्यासाठी परिषदेने सुचवलेल्या आराखड्यात माहिती तंत्रज्ञानाच्या घटकाचे नाव ‘माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे चिकित्सक आकलन’ अशा अर्थाचे आहे. चिकित्सक हा शब्द तेथे मुद्दाम घातलेला आहे. फाईलपर्यंत पोहोचताना तो वाटेत गळाला.

ही साधने कशासाठी निघाली

साधन शिकवायचे तर ते कोणत्या गरजेतून आले हे आधी सांगायला हवे. थर्मामीटर शिकवताना आपण ‘पारा वर चढतो’ एवढेच सांगत नाही. हाताला गरम-गार फसवे लागते, म्हणून मापाची गरज पडली, हेही सांगतो. येथेही तसेच करता येईल.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट या अभियंत्याने एक प्रात्यक्षिक दाखवले. सुमारे ५० किलोमीटर दूर बसलेला सहकारी आणि तो स्वतः, दोघे एकाच पडद्यावरच्या एकाच मजकुरावर काम करत होते. एंगलबार्टचे म्हणणे असे होते की जगापुढचे प्रश्न एका माणसाच्या डोक्याच्या आवाक्याबाहेर जात आहेत. म्हणून अनेकांना एकत्र विचार करता येईल असे यंत्र हवे. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातील भौतिकी प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली, तीही निरनिराळ्या देशांतल्या शास्त्रज्ञांना एकमेकांची टिपणे सापडावीत म्हणून. त्यांनी तयार केलेल्या पहिल्या वेब न्याहाळकात पान वाचता येत होते, तसेच लिहिताही येत होते. पुढे वाचणे उरले आणि लिहिणे मागे पडले. ते १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम यांनी ‘विकी’च्या रूपाने परत आणले, आणि त्याच कल्पनेवर पुढे विकिपीडिया उभा राहिला. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे.

या सर्वांच्या मुळाशी एकच गरज दिसते. काम एकट्याने होण्यासारखे नव्हते. आठ जणांचे पाठ टाचण मात्र एकटीने होण्यासारखे होते, आणि तसेच ते झाले.

प्रार्थनेच्या रांगेतला पाचवा

त्या रात्री पान कोरे का झाले आणि ते परत आणता आले असते का, हे पाहू. यात शिकवण्याजोगे पुष्कळ विज्ञान आहे.

दोन माणसे एकाच वेळी एकाच ओळीत लिहू लागली तर यंत्राची पंचाईत होते. प्रार्थनेची रांग डोळ्यांपुढे आणा. एका शिक्षिकेने सांगितले, “पाचव्या मुलाच्या मागे सुरेखा उभी राहील.” त्याच क्षणी दुसऱ्या टोकाकडून दुसरे शिक्षक म्हणाले, “दुसऱ्याच्या मागे गणेश उभा राहील.” गणेश आधी उभा राहिला तर जुना पाचवा आता सहावा झाला. सुरेखा ‘पाचव्याच्या मागे’ गेली तर ती चुकीच्या जागी उभी राहील. म्हणून तिला द्यायची सूचना बदलून ‘सहाव्याच्या मागे’ अशी करावी लागते. दोन्ही सूचना कोणत्याही क्रमाने पोहोचल्या तरी शेवटी रांग एकच बनली पाहिजे, असा हा प्रश्न आहे. १९८९ साली एलिस आणि गिब्ज या दोघा संगणकशास्त्रज्ञांनी सूचना अशा रीतीने बदलून घेण्याची पद्धत मांडली. २००६ पासून लोकांच्या हाती आलेल्या गूगल डॉकसारख्या साधनांत पुढे याच जातीची पद्धत वापरली गेली. आठ-दहा मुले उभी करून हा खेळ वर्गात पाच मिनिटांत दाखवता येतो. त्याला मोबाईल लागत नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. असे साधन केवळ शेवटचे पान साठवत नाही. मजकूर कसकसा बदलत गेला, याच्या नोंदी ते राखून ठेवते. त्यामुळे मागची अवस्था पुन्हा उभी करता येते. गूगल डॉकमध्ये ‘आवृत्ती इतिहास’ नावाची सोय आहे. तेथे गेले की कोणी केव्हा काय बदलले ते दिसते आणि जुने पान परत आणता येते. त्या रात्रीचे टाचण हरवलेले नव्हतेच. ते इतिहासात होते.

आमच्या भाचीला हे माहीत नव्हते. तिच्या फाईलमध्ये फायद्यांच्या यादीत मात्र ‘आवृत्ती इतिहास उपलब्ध असतो’ असे वाक्य होते. ते तिनेच लिहिले होते. आम्ही बोट ठेवून दाखवले तेव्हा ती काही क्षण गप्प राहिली. मग तिने मोबाईल काढला आणि ते जुने डॉक उघडले. कोरे पान दिसले. दोन-तीन वेळा चाचपडून ती इतिहासात शिरली आणि आठ जणांचे अर्धवट टाचण तिच्यापुढे उभे राहिले. त्यात एका मुलाने एक शेरा टाकला होता, ‘सावली दिवसभर का बदलते हे मुलांनी विचारले तर?’ शेवटच्या टाचणात हा प्रश्न नव्हता. पान कोरे झाले तेव्हा तो गेला, आणि कोणाला त्याची आठवणही राहिली नाही.

आठ नावे, एक वाचन

आमची मुख्य तक्रार येथे येते. एकाच मजकुरावर अनेकांची नावे असणे म्हणजे सहयोग नव्हे. अनेकांनी स्वतंत्रपणे आणलेल्या गोष्टी एकत्र येऊन, तपासल्या जाऊन, कोणा एकाकडे नसलेले काही तयार होणे म्हणजे सहयोग. त्या मुलाच्या प्रश्नाचाच धागा धरून एक उदाहरण देतो.

जळगावचा अक्षांश सुमारे २१ अंश आहे, कोल्हापूरचा सुमारे १६.७ अंश. विषुवदिनी, म्हणजे २०-२१ मार्चच्या सुमारास, भर माध्यान्ही एक मीटर उंचीच्या उभ्या काठीची सावली जळगावला सुमारे ३८.४ सेंटिमीटर पडेल, तर कोल्हापूरला सुमारे ३० सेंटिमीटर. या सावल्यांवरून सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून किती कललेला आहे ते काढता येते. जळगावला २१ अंश, कोल्हापूरला १६.७ अंश. फरक ४.३ अंश. नकाशावर या दोन गावांमधले सरळ उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४७८ किलोमीटर आहे. ४.३ अंशांना ४७८ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? उत्तर येते सुमारे ४०,००० किलोमीटर. हा पृथ्वीचा परीघ. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये याच तर्काने तो काढला होता.

हे काम जळगावच्या एका छात्राध्यापिकेला एकटीने करता येणार नाही. तिला कोल्हापूरकडचे कोणीतरी हवेच. येथे सामाईक शीट सोयीची नव्हे, गरजेची वस्तू होते.

आता चुका पाहू, कारण खरे शिक्षण तेथे आहे. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड सुमारे एक सेंटिमीटरभर पुसट असते. मोजणाऱ्याची अर्ध्या सेंटिमीटरची चूक सहज होते. जळगावला तेवढी चूक झाली तर कोन पाव अंशाने बदलतो आणि परीघ साधारण ३८,००० ते ४२,५०० किलोमीटर यांमध्ये कोठेही येऊ शकतो. पण नऊ गटांनी स्वतंत्रपणे मोजले आणि सरासरी घेतली, तर अशी सैल चूक सुमारे एक-तृतीयांश होते. कोणी थोडे जास्त मोजतो, कोणी थोडे कमी, आणि ते एकमेकांना छाटतात.

दुसऱ्या प्रकारची चूक मात्र वेगळी असते. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेले आहे, जळगाव सुमारे ७५.५ अंशांवर आहे. त्यामुळे, आणि सूर्याच्या वर्षभरातील मागे-पुढे होण्यामुळे, मार्चच्या विषुवदिनी जळगावची खरी माध्यान्ह घड्याळात सुमारे १२ वाजून ३५ मिनिटांनी होते. कोल्हापूरची आणखी पाच मिनिटांनी. जळगावच्या गटाने ‘माध्यान्ह म्हणजे बारा’ असे धरून ठीक बाराला मोजले, तर सावली ३८.४ ऐवजी सुमारे ४१.८ सेंटिमीटर भरेल. कोल्हापूरच्या गटाने बरोबर मोजले असेल तर परीघ जेमतेम २८,७०० किलोमीटर निघेल. आणि जळगावच्या नऊच्या नऊ गटांनी बाराला मोजले, तर नऊ वाचनांची सरासरी घेऊनही ही चूक तसूभर कमी होणार नाही. सर्वांची चूक एकाच बाजूला आहे.

एकच चूक नऊ वेळा लिहिली म्हणजे नऊ वाचने होत नाहीत. एकाच टाचणाखाली आठ नावे घातली म्हणजे आठ विचार होत नाहीत. ‘एकाने टाइप करा, बाकीच्यांनी नावे घाला’ या सूचनेत सोय आहे, पण ती सूचना सहयोगाचा प्राणच काढून घेते. संशोधनात आम्ही सहकाऱ्यांचे वाचन मागतो ते आमच्याशी जुळावे म्हणून नव्हे, जुळले नाही तर कळावे म्हणून.

बारा वाजताची चूक सापडते कशी? शीटमध्ये ‘मोजण्याची वेळ’ असा रकाना असेल तरच. एखादा गट साडेबाराला मोजतो, त्याची सावली लहान भरते. मग कोल्हापूरची छात्राध्यापिका जळगावच्या वाचनाशेजारी शेरा लिहिते, ‘तुमच्या दोन गटांत तीन सेंटिमीटरचा फरक का?’ हा शेरा या साधनाचा गाभा आहे. काठीची उंची लिहायची राहिली, कोणी इंचांत मोजले, कोणी नकाशाऐवजी एस.टी.च्या रस्त्याचे अंतर घातले, अशा सर्व गोष्टी तेथेच उजेडात येतात. रकाने कोणते ठेवायचे यावर आधी वाद घालणे, हे तर छात्राध्यापकांचे पहिले प्रात्यक्षिक व्हावे.

या प्रयोगासाठी विषुवदिनच हवा असे नाही. एकाच दिवशी दोन्ही गावांत खरी माध्यान्ह गाठली, आणि सूर्य दोन्हीकडे दक्षिणेला असला, तर कोनांतला फरक तोच येतो. दर पाच मिनिटांनी सावली मोजून सर्वांत लहान सावली घेतली की माध्यान्ह आपोआप सापडते.

रथावर हेच पाहायला मिळते. दोर ओढणारे शेकडो असतात, पण चाकाखाली मोगरी लावणारे थोडे आणि जाणते. सगळ्यांनीच दोर ओढला तर रथ वळणार नाही, आणि वेळेवर थांबणारही नाही. गटकार्यात कोणी मोजणारा, कोणी तपासणारा, कोणी शंका काढणारा असावा लागतो. आठही जण टाइप करणारे असण्यात काही अर्थ नाही.

माहिती वर जाते, प्रश्न कोठे जातो?

आमच्या भाचीने आणखी एक गोष्ट सांगितली. आंतरवासितेसाठी ती ज्या शाळेत गेली, तेथील शिक्षकांना सामाईक शीट चांगली परिचयाची होती. तिचे नाव ऐकताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. कारण शीट म्हणजे वरून आलेली लिंक, आणि ‘आजच्या आज माहिती भरा’ हा निरोप.

यात शिक्षकांचा दोष नाही. महाराष्ट्रात २०१५ साली ‘सरल’ प्रणाली आली, नंतर इतरही. प्रशासनाला माहिती लागते हे खरे. पण परिणाम असा झाला की अनेक शिक्षकांची या साधनांशी पहिली ओळख अहवाल भरणारा म्हणून झाली. दुसऱ्या बाजूने, सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ मंचावरून पाठ्यसाहित्य खाली येते, आणि ऑक्टोबर २०२० पासून ‘निष्ठा’ प्रशिक्षण त्याच मंचावरून ऑनलाइन दिले गेले. शाळा बंद असताना या साहित्याचा उपयोग झाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण माहिती वर जाणे आणि पाठ खाली येणे, या दोन्ही उभ्या वाटा आहेत. एका शाळेतल्या शिक्षिकेचा प्रश्न शेजारच्या तालुक्यातल्या शिक्षकाकडे नेणारी आडवी वाट छात्राध्यापकांना दाखवली जात नाही.

ही वाट इंटरनेटने प्रथम काढली असेही नाही. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचा नर्मदापुरम) जिल्ह्यात सोळा शाळांपासून विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला आणि तो २००२ पर्यंत चालला. त्यात मुले गटागटाने प्रयोग करत, सर्व गटांची मापे वर्गात एकत्र मांडली जात आणि ती वेगळी का आली यावर चर्चा होई. शिक्षक दर महिन्याला एकत्र बसून आपापल्या वर्गातल्या अडचणी मांडत. तेथे फळा हीच शीट होती आणि मासिक बैठक हाच गट. ज्यांना फळ्यावर असे काम करता येते, त्यांना शीटवर ते एका दिवसात जमते. ज्यांना फळ्यावर जमत नाही, त्यांना शीटचा कितीही सराव दिला तरी उपयोग नाही.

अडचणी, आणि त्यांतून वाट

यावर प्राध्यापक म्हणतील, वर्गात शंभर छात्राध्यापक, संगणक मोजके, वीज जाते, खेड्यात नेटवर्क नाही, अभ्यासक्रम संपवायचा असतो. या अडचणी खऱ्या आहेत. पण वर सांगितलेल्या प्रयोगाला गटामागे एक मोबाईल पुरतो, तोही दिवसातून दहा मिनिटे. मोजणी कागदावर करावी आणि नेटवर्क मिळेल तेथे शीटमध्ये चढवावी. रंगीत चित्रे छापण्यात जो वेळ आणि पैसा जातो, तो येथे वाचेल.

एक बारीक पण नेहमीची अडचण मराठीची आहे. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर डॉकमध्ये चिकटवला की तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता होतो. कारण त्या फाँटनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवले होते. फाँट बदलला की आकार जातात आणि खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. १९९१ च्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी अक्षरांना त्यांचे स्वतःचे क्रमांक आहेत. सामाईक काम युनिकोडमध्येच करावे, एवढा एक नियम सुरुवातीला सांगितला तर पुष्कळ मनस्ताप टळेल.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘लिंक असलेला कोणीही बदल करू शकतो’ अशी मोकळीक ठेवलेल्या शीटमध्ये मुलांची नावे, पालकांचे मोबाईल क्रमांक, कधी आधार क्रमांकही भरलेले असतात. ती लिंक पुढे कोठे जाईल याला धरबंद नाही. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीचा वेगळा विचार केला आहे. छात्राध्यापकाला कायद्याची कलमे पाठ नसली तरी चालेल. पण सावलीची लांबी सर्वांना दाखवावी आणि मुलाचा आधार क्रमांक दाखवू नये, हा फरक त्याला कळलाच पाहिजे. चिकित्सक आकलन म्हणतात ते हेच.

गुण कशाला द्यावेत

मूल्यमापन जसे असेल तसे शिक्षण होते. फाईलला गुण असतील तर फाईल तयार होईल. आमची सूचना साधी आहे. चित्रांना आणि व्याख्यांना गुण देऊ नयेत. त्याऐवजी चार गोष्टी पाहाव्यात. गटाने निवडलेले काम एकट्याने न होणारे आहे का? प्रत्येकाने स्वतःचे असे काय आणले? दुसऱ्याच्या कामावर त्याने कोणती शंका विचारली? आणि शंका आल्यावर कोणी आपले म्हणणे बदलले का?

या चारही गोष्टी आवृत्ती इतिहासात आणि शेऱ्यांत दिसतात. मात्र तेथेही सावध राहावे. कोणी किती शब्द लिहिले हे मोजू नये. शंभर ओळी लिहिणाऱ्यापेक्षा ‘वेळ का लिहिली नाही?’ असे चार शब्द लिहिणाऱ्याचे योगदान कधी मोठे असते. ते ओळखणे यंत्राचे काम नाही, प्राध्यापकाचे आहे. त्यासाठी प्राध्यापकाने त्या डॉकमध्ये स्वतः उतरायला हवे. ज्या प्राध्यापकांनी त्या रात्रीचे भांडण मिटवले, ते त्या रात्री डॉकमध्ये असते तर त्यांनी कदाचित वेगळी सूचना दिली असती. बहुधा त्यांनाही हे कोणी शिकवले नव्हते. त्यांच्या काळी दुसरी फाईल होती, एवढेच.

आमच्या भाचीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही प्रामाणिकपणे दिले. बटणे तुला येतात, सहयोग अजून यायचा आहे, आणि तो तुला शिकवण्याची संधी कोणी दिलेली नाही. तिला राग आला नाही. तिने ते परत मिळालेले जुने डॉक आठही जणांना पाठवले, आणि सावलीच्या प्रश्नाखाली लिहिले, ‘याचे उत्तर आपण मोजूनच काढू या. काठी कोणाकडे आहे?’ आम्ही दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत तिघांची उत्तरे आली होती. त्यांपैकी एकाने विचारले होते, काठी किती उंच असावी आणि का. त्या गटाची सुरुवात झाली आहे, असे आम्हाला वाटते.